डिझेल ट्रॅक्टरमध्ये अ‍ॅडिटिव्ह टाकावं की नको?

धागाकर्ता: नांगरट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत. एक जुना, तीन सिलिंडरचा, रोटरी पंपवाला (नोझलला, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोंडाला, दाबाने डिझेल देणारा फिरता पंप). दुसरा नवा, कॉमन रेलचा (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं तो). जुना सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेतो आणि जड कामाला लावला की काळा धूर मारतो. नव्याची काही तक्रार नाही आणि ती पुढेही नसावी एवढीच इच्छा.

हल्ली जो भेटेल तो डिझेलमध्ये टाकायचं औषध सुचवतोय. अ‍ॅव्हरेज वाढेल, नोझल साफ होतील, धूर थांबेल, पंप जास्त टिकेल, आणि हे सगळं एकाच बाटलीत. मला प्रश्न पडलाय की त्यात असतं तरी काय, आणि जुन्या इंजिनाला जे चालतं ते नव्याला चालेल का? ज्यांनी स्वतःच्या हाताने पंप-नोझल उघडलेत त्यांनी लिहावं ही विनंती. मी डिझेल पिंपात साठवून ठेवतो, हंगामाच्या आधी भरून घेतो, हेही सांगून ठेवतो.

पंपवाला

दादा, पंप आणि नोझल बेंचवर लावून तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बाटलीवर नाव काहीही असो, आत मोजक्या प्रकारची रसायनं असतात आणि प्रत्येकाचं काम निराळं. एक सीटेन (डिझेल किती चटकन पेट घेतं ते सांगणारा आकडा) वाढवणारं, बहुतेक वेळा २-इथाइलहेक्झिल नायट्रेट. त्याने डिझेल पेट घ्यायला कमी वेळ लागतो, थंड इंजिन लवकर धरतं, सुरुवातीची खडखड कमी होते. दुसरं डिटर्जंट, नोझलच्या टोकावरचा कार्बन सोडवणारं. तिसरं वंगण वाढवणारं. चौथं पाण्याचा बंदोबस्त करणारं, आणि सगळ्यात जास्त घोळ याच प्रकारात आहे. याशिवाय कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून एक, आणि टाकीतली बुरशी मारण्यासाठी एक. काही बाटल्यांत यातलं एकच असतं, काहींत चार-पाच थोडे थोडे.

पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये यातली काही आधीच मिसळलेली असतात. आजच्या कमी गंधकाच्या डिझेलला वंगणाचं अ‍ॅडिटिव्ह रिफायनरीत किंवा डेपोतच घालतात, नाहीतर ते मानकात बसतच नाही. म्हणजे आपण बाटली ओततो तेव्हा बऱ्याचदा दुसरा डोस देत असतो.

आता तुमचा जुना ट्रॅक्टर. सकाळी उशिरा स्टार्ट होण्याची कारणं मी या क्रमाने बघेन: बॅटरीला सेल्फ मारताना किती व्होल्ट राहतात, हीटर किंवा ग्लो प्लग तापतो का, रात्रभरात डिझेल लाइनमधून मागे उतरून हवा शिरते का, नोझल ठिबकतात का, आणि शेवटी कॉम्प्रेशन. यातलं एकही काम बाटली करत नाही. सीटेनवालं टाकलं तर स्टार्टिंगला थोडा फरक दिसेल, पण मूळ दोष त्याखाली झाकला जाईल आणि वाढत राहील.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर. ऑइल बाथ (हवा तेलातून गाळणारा) असेल तर खालची वाटी काढून बघा, तेलाचा चिखल झालेला असतो आणि तो कित्येक महिने कुणी पाहिलेला नसतो. मग नोझल. जुन्या पद्धतीचा नोझल साधारण २०० बार दाबाच्या आसपास उघडतो. बेंचवर लावला की चांगला नोझल चरचरतो आणि बारीक तुषार मारतो, खराब झालेला धार सोडतो. टोकावर फक्त कार्बन असेल तर डिटर्जंटने फरक पडतो, हे मी नोझल बेंचवर लावून पाहिलंय. पण सीट झिजली असेल किंवा स्प्रिंग बसली असेल तर कुठलंही द्रव्य ते लोखंड परत आणू शकत नाही. तिथे नोझल बदलणं किंवा प्रेशर सेट करणं हाच इलाज.

रोटाव्हेटर

मी वापरतो, फरक पडतो. इंजिन मऊ चालतं, आवाज कमी होतो, आणि टाकी जास्त तास जाते. पुस्तकी माहिती काहीही असू दे, शेतात दिसतंय ते खरं. प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायची सवय झालीये लोकांना.

हिशोबी

रोटाव्हेटर भाऊ, इंजिन मऊ चालतं हे पटतं, सीटेन वाढला की तसंच होतं. अ‍ॅव्हरेजचं मात्र आकड्यात बोलू.

बहुतेक बाटल्यांचं प्रमाण हजाराला एक असतं, म्हणजे हजार लिटर डिझेलला लिटरभर औषध. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. औषधात तेवढीच ऊर्जा धरली तरी भर पडते ०.१ टक्का. मग विकणारे सांगतात ती दहा टक्के बचत कुठून येणार? विकणारे म्हणतात, ज्वलन पूर्ण होतं म्हणून. पण धडधाकट डिझेल इंजिनात एरवीही ९८ टक्क्यांच्या वर इंधन जळतंच. वाया जाते ती उष्णता, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून, आणि ती डिझेल न जळल्यामुळे वाया जात नाही. तेव्हा 'पूर्ण ज्वलन' करून मिळवायला शिल्लक फार थोडी आहे. नोझल आधीच कोंदलेले असतील तर ते साफ झाल्यावर गेलेलं अ‍ॅव्हरेज परत येतं, हे खरं. ती दुरुस्ती झाली, मूळच्या अ‍ॅव्हरेजमध्ये वाढ नाही.

टाकी किती तास गेली यावरून मोजणं फार फसवं आहे. जमिनीची ओल, नांगराची खोली, गिअर, चालवणारा माणूस, यातलं काहीही बदललं तरी फरक दहा-पंधरा टक्क्यांचा पडतो. डिझेल स्वतःही तापलं की फुगतं, २० अंशांच्या फरकात दीड टक्क्याहून जास्त. पहाटे भरलेली टाकी आणि दुपारी भरलेली टाकी सारखी नसते. खरंच तपासायचं असेल तर तेच शेत, तेच अवजार, तोच गिअर, तेच आरपीएम, आणि आधी बिनऔषधाचं, मग औषधाचं, पुन्हा औषधाचं, पुन्हा बिनऔषधाचं, असं आलटून पालटून करा. डिझेल वजनावर मोजा. चालवणाऱ्याला आज कुठलं डिझेल आहे ते सांगू नका. एवढं करूनही फरक दिसला तर मी आनंदाने माझं मत बदलेन.

रोटाव्हेटर

वजनावर मोजायचं डोक्यात नव्हतं आलं. करून बघतो. पण आवाज कमी होतो ते मी ठामपणे सांगतो.

तीनसिलिंडर

हिशोबी साहेबांचं अ‍ॅव्हरेजबद्दलचं म्हणणं मान्य. पण या धाग्यात वंगणाचा मुद्दा थोडक्यात उरकला जातोय आणि जुन्या पंपवाल्यांसाठी तोच खरा मुद्दा आहे.

१९९१ मध्ये स्वीडनमध्ये फक्त १० पीपीएम (दहा लाखांत १० भाग) गंधकाचं डिझेल आणलं गेलं आणि त्यानंतर तिथे रोटरी पंप वेळेआधी झिजल्याच्या तक्रारी आल्या. गंधक स्वतः वंगण नव्हे. ते काढायला डिझेलवर हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तिच्यात वंगण करणारे नैसर्गिक घटकही निघून जातात. दुसऱ्या जातीच्या, इनलाइन पंपाला निदान खालच्या भागात इंजिन ऑइल मिळतं. रोटरी पंपाच्या आत मात्र डिझेल हेच तेल. धागाकर्त्यांचा पंप याच जातीचा आहे.

त्यानंतर डिझेलचं वंगण मोजणारी एचएफआरआर चाचणी आली. ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी ७५ मिनिटं चकतीवर घासतात आणि घासल्याचा डाग मोजतात. युरोपच्या ईएन ५९० मानकात हा डाग ४६० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा चालत नाही, अमेरिकेच्या एएसटीएम डी९७५ मध्ये ५२० पर्यंत चालतो. डिझेल मानकात बसणारं असेल तर ठीक. पण जिथे डिझेल कुठून येतं याची खात्री नाही, किंवा कुणी त्यात रॉकेल मिसळतंय अशी शंका आहे, तिथे मी जुन्या रोटरी पंपाला चांगल्या कंपनीचं वंगणाचं अ‍ॅडिटिव्ह द्यायच्या बाजूने आहे. एक-दोन टक्के चांगलं बायोडिझेल मिसळलं तरी वंगण परत येतं, हेही लक्षात ठेवा.

पंपवाला

तीनसिलिंडर, पूर्ण सहमत. रॉकेलमिश्रित डिझेलवर चाललेले रोटरी पंप माझ्याकडे येतात तेव्हा आतले भाग बघवत नाहीत. फक्त एक सांगतो, भेसळीचं डिझेल घेऊन वर औषध टाकण्यापेक्षा डिझेल घ्यायची जागा बदला.

दोनशेलाएक

मी ऐकलंय की टू-स्ट्रोकचं ऑइल दोनशेला एक या प्रमाणात टाकलं की वंगणाचा प्रश्न सुटतो आणि स्वस्त पडतं. काहीजण तर वापरलेलं इंजिन ऑइल गाळून टाकतात. यावर जाणकार काय म्हणतील?

पंपवाला

टू-स्ट्रोक ऑइलने जुन्या इंजिनाचं लगेच काही बिघडत नाही, पण ते डिझेलच्या पंपासाठी बनवलेलं नाही, आणि त्याने वंगण नक्की किती वाढेल याची हमी कोण देणार? त्याच कामासाठी तयार केलेलं, मोजून डोस दिलेलं अ‍ॅडिटिव्ह मिळत असताना हे का करावं?

वापरलेलं इंजिन ऑइल तर मुळीच नको. कापडातून गाळल्याने काजळी जात नाही आणि धातूचे कणही जात नाहीत, ते मायक्रॉनमध्ये मोजायचे असतात. शिवाय इंजिन ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस असतं. ते जळून राख उरते. जुन्या इंजिनात ती व्हॉल्व्हवर आणि नोझलवर बसेल. नव्यात पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असेल तर तिथे अडकेल, आणि काजळी जशी रिजनरेशनमध्ये जळून जाते तशी राख जात नाही. फिल्टर काढून साफ करणं किंवा बदलणं, दुसरा मार्ग नाही.

बांधावरून

नांगरट दादा, तुम्ही शेवटच्या ओळीत पिंपाचं लिहिलंत आणि तिकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. माझ्या मते तुमचा खरा धोका तिथेच आहे.

पिंप उघड्यावर उभं ठेवलं की पावसाचं पाणी वरच्या झाकणाभोवती साचतं. दिवसा पिंप तापतं, आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार झालं की पिंप आत ओढतं, आणि बुचाच्या आट्यांतून पाणीही आत जातं. बूच घट्ट असलं तरी. म्हणून पिंप छपराखाली ठेवायचं, आणि उघड्यावर ठेवावंच लागलं तर कलतं ठेवायचं, म्हणजे बुचापाशी पाणी थांबत नाही. ट्रॅक्टरची टाकीही रात्री अर्धी ठेवू नका, काम संपल्यावर भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा गार होऊन तिचंच पाणी बनतं.

डिझेलमध्ये पाणी विरघळतं ते अगदी थोडं. उरलेलं तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. एक बुरशी तर अशा इंधनात वाढते म्हणून प्रसिद्ध आहे, हॉर्मोकोनिस रेझिनी. फिल्टरवर काळपट-तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारा थर दिसला आणि कुजका वास आला तर समजायचं. बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात हे लवकर होतं, कारण ते साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतं.

आज एवढंच करा. पिंपाच्या अगदी तळातून स्वच्छ काचेच्या बरणीत डिझेल काढा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी ते स्वच्छ, पारदर्शक दिसलं पाहिजे. गढूळपणा, खाली वेगळा थर किंवा मध्ये जाळीसारखं काही तरंगताना दिसलं तर औषधाचा विचार नंतर, पिंप आधी.

कॉमनरेल

नव्या ट्रॅक्टरबद्दल मी लिहितो, कारण तिथे चुकीला जागा फार कमी आहे.

जुन्या नोझलचे २०० बार पंपवाल्यांनी सांगितलेच. कॉमन रेलमध्ये १६०० ते २००० बार आणि काही ठिकाणी त्याहून वर. इंजेक्टरच्या आतल्या सरकत्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. तिथे पाण्याचा थेंब पोचला की गंज आणि खड्डे दोन्ही. म्हणून 'पाणी घालवणारं' औषध घेताना ते कुठल्या जातीचं आहे ते विचारा. एक जात पाणी डिझेलपासून वेगळं करून खाली बसवते, मग ते पाणी अडवणाऱ्या सेपरेटरच्या वाटीतून सोडता येतं. दुसरी जात पाणी बारीक थेंबांत डिझेलमध्येच मिसळून टाकते. असं मिसळलेलं पाणी सेपरेटरला पकडता येत नाही आणि थेट रेलपर्यंत जातं. अल्कोहोल असलेली औषधं तर वंगणही कमी करतात, काही रबरी सील फुगवतात आणि डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेते ते) खाली आणतात. कॉमन रेलला ही दोन्ही नकोत.

इंजेक्टरच्या आत साचणारा थर हा आणखी एक विषय. सोडियमसारख्या धातूंपासून बनलेला साबण किंवा लाखेसारखा थर सुईवर बसतो आणि इंजेक्टर अडकतो. इंजिन स्टार्ट होतं पण हेलकावतं. यावर चांगल्या डिटर्जंटचा उपयोग होतो, आणि कॉमन रेलसाठी मी जर कुठल्या अ‍ॅडिटिव्हच्या बाजूने बोलेन तर याच. तेही मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर.

जस्ताचा पत्रा असलेल्या टाकीत किंवा बादलीत डिझेल ठेवू नका हे फार कमी लोकांना माहीत असतं. युरोपातल्या प्रमाणित इंजिन चाचणीत नोझल मुद्दाम घाण करायचे असतात तेव्हा डिझेलमध्ये दहा लाखांत एक भाग जस्त घालतात. एवढंसं पुरतं. तांबं आणि पितळही डिझेल लवकर खराब करतं.

दोनशेलाएक

कॉमनरेल, नव्या ट्रॅक्टरला जे निळ्या झाकणाच्या टाकीत घालतात तेही अ‍ॅडिटिव्हच ना? ते डिझेलमध्ये घातलं तर?

कॉमनरेल

नाही नाही, ते कधीही डिझेलच्या टाकीत जाऊ देऊ नका. ते युरियाचं पाणी आहे, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. ते सायलेन्सरच्या बाजूला, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी फवारलं जातं. चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावी फिरवू नका, इग्निशनसुद्धा ऑन करू नका, कारण फीड पंप चालू होऊन ते पुढे ढकलेल. टाकी पूर्ण काढून धुवूनच पुढचं काम.

हिशोबी

अ‍ॅव्हरेजसाठी बाटली शोधणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात १९२० पासून ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, आणि त्यांच्या अहवालांत अर्ध्या ओढीला पूर्ण आरपीएमवर किती डिझेल लागलं आणि आरपीएम कमी करून वरच्या गिअरमध्ये किती लागलं, हे शेजारी शेजारी दिलेलं असतं. हलक्या कामात वरचा गिअर आणि कमी थ्रॉटल ठेवला की बचत सहज दहा टक्क्यांच्या पुढे जाते. इंजिन दबून काळा धूर सोडायला लागलं तर गिअर खाली घ्यायचा, एवढंच भान. पीटीओचं (ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर चालणारं) अवजार मिनिटाला ठरलेल्या ५४० फेऱ्यांवर चालवायचं असेल तिथे हे जमत नाही, इकॉनॉमी पीटीओ (कमी आरपीएमवर त्याच फेऱ्या देणारा) असेल तर जमतं. चाकं किती स्लिप होतात तेही बघा, आठ ते पंधरा टक्क्यांत असली पाहिजेत. टायरची हवा आणि वजन जागेवर आणलं की जे मिळतं ते कुठल्याही बाटलीने मिळणार नाही.

नांगरट

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बांधावरून यांनी सांगितल्याप्रमाणे पिंपाच्या तळातून बरणी भरून ठेवली होती. सकाळी खाली बोटभर पाणी आणि मध्ये तपकिरी जाळी. जुन्या ट्रॅक्टरच्या फिल्टरवरही तोच बुळबुळीत थर निघाला. एअर क्लीनरची वाटी पंपवाले म्हणाले तशीच होती. ती धुवून नवीन तेल घातलं, धूर बराच कमी झालाय. नोझल अजून बेंचवर द्यायचे आहेत, स्टार्टिंगचं त्यानंतर बघतो.

आता विचारायचं ते बुरशीच्या औषधाचं. ते टाकावं का, आणि नव्या ट्रॅक्टरच्या टाकीतही टाकावं का? त्याच पिंपातलं डिझेल त्यातही गेलंय.

बांधावरून

बुरशी दिसली आहे, म्हणजे इथे औषध खरंच लागतं. पण आधी पाणी काढा. तळातलं सगळं पाणी आणि गाळ बाहेर, शक्य असेल तर पिंप रिकामं करून आतून पुसून कोरडं. पाणी राहिलं तर बुरशी पुन्हा येणारच. मग बुरशीनाशकाचा उपचाराचा डोस. बाटलीवर दोन प्रमाणं असतात, एक रोग झाल्यावरचं आणि एक रोखण्याचं, ती नीट वाचा आणि अंदाजाने जास्त ओतू नका. हातात मोजे घाला, ही रसायनं कातडीला फार त्रास देतात. काढलेलं पाणी जमिनीवर किंवा ओढ्यात टाकू नका.

पंपवाला

आणि फिल्टर जवळ ठेवा, जास्तीचे. बुरशी मेली तरी तिचा चोथा टाकीतच असतो, तो सुटून फिल्टरला येतो. औषध टाकल्यावर फिल्टर भराभर कोंदतात आणि लोकांना वाटतं औषधानेच वाट लावली. पॉवर कमी वाटली की लगेच बदला.

नव्या ट्रॅक्टरला आधी सेपरेटरची वाटी सोडून बघा. तिच्यात पाणी किंवा घाण असेल तर टाकीच्या तळातूनही नमुना काढा. तिथे काहीच नसेल तर त्यात काही टाकू नका. असेल तर मॅन्युअलमध्ये बुरशीनाशकाबद्दल काय लिहिलंय ते बघून, कंपनीच्या वर्कशॉपला विचारून मगच टाका. फिल्टर मूळ कंपनीचाच घ्या, आणि तो बसवताना आधी डिझेलने भरून बसवू नका. ज्या बाजूने भराल तिथून न गाळलेलं डिझेल पुढे जायची भीती असते. फीड पंपाने किंवा हातपंपाने प्राइम करा. पिंपातलं जुनं डिझेल, ते गाळून स्वच्छ दिसलं तरी, नव्या ट्रॅक्टरला घालू नका.

नांगरट

ठीक. उद्या वाटी सोडतो, फोटो टाकतो. जुन्याचे नोझल पण बरोबरच काढून घेतो.